कोकणातलं बंद घर, चार महिने पाऊस आणि सीसीटीव्ही: टिकेल असं काय लावावं?

गडग्यापलीकडे

संगमेश्वर तालुक्यातलं जांभ्याचं कौलारू घर. माणसांचा वावर गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात, एरवी कुलूप. वाडी पाऊण किलोमीटरवर. गाडीरस्ता एकच, बाकी सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, पायवाटा. घरात सोनंनाणं नाही. तांब्या-पितळेची भांडी, विहिरीवरचा पंप, त्याची केबल, गॅस सिलिंडर आणि इन्व्हर्टरची बॅटरी आहे. बंद घरातून जातं ते नेमकं हेच.

परिस्थिती अशी:
वीज आहे, पण पावसात दोन-तीन दिवस सलग जाऊ शकते.
ब्रॉडबँड नाही. जिओ ओटीवर दोन दांड्या, माजघरात शून्य. एअरटेल फक्त अंगणाच्या कोपऱ्यात.
रोज येऊन बघणारं कोणी नाही. वाडीतले एक काका हाक मारली तर येतात.
बजेट ३५-४० हजार.

दुकानदार चार कॅमेरे आणि डीव्हीआरचा (चित्रण साठवणाऱ्या पेटीचा) संच गळ्यात मारतोय. ऑनलाइन बघावं तर सगळीकडे सोलरवाले ४जी कॅमेरे. यातलं पावसाळा काढेल असं काय?

अडसर

कॅमेऱ्याआधी दार बघा. जुन्या घरांत पुढचं दार सागाचं, दणकट, आतून अडसर. मागच्या पडवीचं दार मात्र फळ्यांचं आणि त्याचा कोयंडा चार स्क्रूंवर. पहार घातली की कोयंडा स्क्रूंसकट हातात येतो, कुलूप तसंच शाबूत. ते स्क्रू काढून आरपार बोल्ट टाका, नट आतल्या बाजूने, नटाला वेल्डिंगचा एक टाका. मागचं दार आतून अडसर घालून बंद करा आणि पुढच्या दाराने बाहेर पडा, म्हणजे बाहेरून दिसणारं कुलूप एकच राहतं.

दुसरी वाट कौलांची. चार मंगलोरी कौलं सरकवली की माणूस माळ्यावर उतरतो, दाराला हातही लागत नाही. माळ्यावरून खाली उतरायच्या जागेला झडप आणि खालून कडी करा. कधी कौलं उतरवून शाकारणी करणार असाल तर रिपांखाली वेल्डमेश मारून घ्या.

आणि भांडी वाडीत कोणाकडे तरी ठेवा. ४० हजारांतले पाच हजार इथे गेले तरी सत्कारणी लागले.

तिरफळ

कॅमेरो कसलो घेवन बसलास? माकडां आधी तेचीच मान मोडतली.

वायरमन

अडसर यांच्याशी सहमत. आता विजेचं बोलू, कारण अशा घरांतले कॅमेरे बहुतेक वेळा चोर यायच्या आधीच बंद पडलेले असतात.

पहिली गोष्ट, घर बंद करताना मेन स्विच पाडायची आपल्याकडे सवय. मेन पडला की कॅमेरेही गेले. कॅमेऱ्यांची लाइन मीटरनंतर वेगळी काढा, तिला स्वतंत्र आरसीबीओ (गळती किंवा जादा भार झाला की लाइन तोडणारा स्विच) द्या. ओल्या भिंतीत कुठे गळती होऊन घराचा आरसीसीबी (गळतीचा स्विच) पडला तरी कॅमेरे चालू राहतील. मीटर बाहेरच्या भिंतीवर असतो, कटआउटचा फ्यूज कोणीही ओढू शकतो. म्हणून बॅटरी हवीच.

दुसरी गोष्ट, घरचा इन्व्हर्टर या कामाला वापरू नका. नुसता चालू ठेवायला तो स्वतःच १५ ते ३० वॉट खातो. दोन कॅमेरे आणि राउटर मिळून लागतात १२ वॉट. म्हणजे पालखीपेक्षा भोयांचा खर्च जास्त. बॅटरीतून थेट १२ व्होल्ट डीसी घ्या.

हिशोब: कॅमेरा दिवसा ३ वॉट, रात्री आयआर (अंधारात बघायचा अवरक्त दिवा) लागल्यावर ५. सरासरी ४ धरा. दोन कॅमेरे ८, ४जी राउटर ४, एकूण १२ वॉट. गुणिले २४ म्हणजे दिवसाला २९० वॉट-तास. तीन दिवस वीज नाही असं धरलं तर ८७० वॉट-तास. १२.८ व्होल्ट, ८० एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम फॉस्फेट बॅटरी १,०२४ वॉट-तासांची असते, त्यातलं ८५-९० टक्के वापरता येतं. बरोब्बर बसतं. ट्यूब्युलर (घरच्या इन्व्हर्टरची पाणी घालायची बॅटरी) घेतली तर निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे १५० एएच लागेल, शिवाय डिस्टिल्ड वॉटर घालणार कोण?

वीज आहे म्हणताय तर सोलर ऐच्छिक. १४.६ व्होल्टचा लिथियमसाठीचा चार्जर लावा, वीज आली की बॅटरी भरेल. फक्त सोलरवरच चालवायचं असेल तर पावसाळ्यातलं ऊन धरून पॅनल निवडा. भर आषाढात पूर्ण उन्हाचे जेमतेम दीड तास, त्यात २५ टक्के तूट, उरले १.१. २९० भागिले १.१ केलं की २६० वॉट येतात. बाजारात ३३० चं पॅनल सहज मिळतं, त्याला ३० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलची पूर्ण शक्ती काढून बॅटरी भरणारा). स्वस्तातला पीडब्ल्यूएम लावलात तर ३७ व्होल्टच्या पॅनलची निम्म्याहून जास्त शक्ती वाया.

आतेभाऊ

एवढा खटाटोप कशाला? सोलर पॅनल चिकटवलेला ४जी कॅमेरा घ्या, सिम घाला, खांबावर अडकवा. सहा-सात हजारांत काम. हालचाल झाली की उठतो, फोनवर कळवतो, परत झोपतो. बॅटरी महिनोन्‌महिने पुरते.

वायरमन

आतेभाऊ, "हालचाल झाली की उठतो" यातच गोम आहे. तो उठतो पीआयआर सेन्सरवर, म्हणजे अंगाची उष्णता आजूबाजूपेक्षा वेगळी दिसली तर. मे महिन्यातल्या दुपारी हवाच ३५-३६ अंश, माणूस आणि गडगा (दगडी कुंपण) सेन्सरला सारखेच. शिवाय पीआयआरला समोरून आडवा जाणारा चटकन कळतो, सरळ अंगावर चालत येणारा उशिरा. फाटकाकडे तोंड करून लावला तर चोर नेमका सरळ येतो. जागा व्हायला एक ते तीन सेकंद लागतात, तेवढ्यात माणूस चौकटीतून गेलेला, हातात फक्त पाठ.

श्रावण आला की पॅनलला पुरेसं ऊन नाही, आणि मधेच ऊन पडून झाडांच्या फांद्या हलल्या, वाऱ्याची गरम झुळूक आली तरी कॅमेरा जागा होत राहतो. आतली बॅटरी ४०-७० वॉट-तासांची, ती किती टिकणार?

टाकाऊ म्हणत नाही. विहिरीपाशी, जिथे वायर नेणं अवघड आहे, तिथे तिसरा म्हणून लावा. भिस्त त्याच्यावर नको.

उंटावरचा_शहाणा

विहिरीपाशी एक, पडवीत एक, गोठ्यात एक. गुरं विकून कॅमेरे पाळायचे दिवस आले.

पागोळी

जागेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. कौलारू घरात कॅमेरा लावायची सगळ्यात सोयीची जागा वळचणीखाली आणि सगळ्यात वाईट जागाही तीच.

कारण एक, पागोळ्या. वळचणीच्या आत बसवलेल्या कॅमेऱ्यापुढे हातभर अंतरावर पागोळ्यांचा पडदा असतो. रात्री आयआर त्या थेंबांवर पडून परत येतो. चित्रात पांढऱ्या रेघा, त्यामागे अंगण काळंठिक्कर, आणि रात्रभर "हालचाल आढळली". दुसरं कारण, आयआर वरच्या कौलाच्या किंवा वाशाच्या टोकावर आपटतो. तेवढा भाग चुन्यासारखा पांढरा होतो, कॅमेरा त्या उजेडाशी जुळवून घेतो आणि बाकी सगळं अंधारात बुडतं.

उपाय दोन. एक तर ब्रॅकेट लांब घ्या, म्हणजे कॅमेरा पागोळीच्या रेषेबाहेर येईल. आयपी६६ किंवा ६७ या जलरोधक दर्जाचा कॅमेरा पावसात भिजला तर बिघडत नाही, जोडणीचा डबा मात्र आत कोरड्यात हवा. नाहीतर कॅमेऱ्याच्या वरच्या तेवढ्या भागाला पन्हळ लावा आणि कॅमेरा वळचणीच्या खालच्या कडेपेक्षा चार बोटं खाली घ्या. बाहेरून येणारी वायर डब्यात शिरायच्या आधी खाली झोका देऊन वर न्या, पाणी झोक्यावरून गळून जातं.

डोम घेऊ नका. पारदर्शक घुमटावर थेंब बसतात, आतून बाष्प धरतं. टरेट (घुमटाशिवायचा, चेंडूसारखा फिरणारा कॅमेरा) सगळ्यात बरा.

जांभ्यात ६ मिमीचा आखूड प्लग धरत नाही, भोकातला दगड भुगा होऊन येतो. ८ × ८० चा लांब प्लग किंवा केमिकल अँकर. स्क्रू स्टेनलेसचे, खाडीच्या किंवा समुद्राच्या जवळ असाल तर ३१६ ग्रेडचे.

भिंग

पागोळी यांचं बरोबर. त्यात उंची आणि लेन्सची भर.

दुकानदार डोळे झाकून २.८ मिमीची लेन्स देतो, कारण "सगळं अंगण दिसतं". दिसतं, पण चेहरा ओळखू येत नाही. अनोळखी माणूस ओळखण्यासाठी दर मीटरला २५० पिक्सेल हा निकष सर्रास वापरतात. २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र १,९२० पिक्सेल रुंद. भागा २५० ने, आले ७.७ मीटर. म्हणजे कॅमेऱ्याच्या चौकटीत ७.७ मीटरपेक्षा रुंद जागा मावत असेल तिथे चेहरा पुराव्यालायक राहत नाही. २.८ मिमीचा कोन साधारण १०० अंश, तिथे ही मर्यादा कॅमेऱ्यापासून सव्वातीन मीटरवर येते! ६ मिमी लेन्स, कोन साधारण ५० अंश, मर्यादा आठ मीटरवर. अंधारात दोन्हीकडे यापेक्षा कमीच.

म्हणून फाटकाकडे किंवा पायवाटेच्या तोंडाशी ६ मिमी, अंगणाला २.८. उंची अडीच ते तीन मीटर. त्याहून वर नेला तर फक्त टोपी दिसते. ओटीच्या दारापाशी एखादा छोटा कॅमेरा छातीच्या उंचीला, दीड मीटरवर, लपवून बसवता आला तर सोन्याहून पिवळं. कुलपाशी झटापट करणारा माणूस दोन मिनिटं तिथेच वाकलेला असतो.

गाडीचा नंबर हवा असेल तर वेगळा कॅमेरा लागतो. शटर १/५०० किंवा त्याहून जलद, कोन अरुंद. एकाच कॅमेऱ्यात चेहरा, नंबर आणि अंगण मागू नका.

आतेभाऊ

म्हणजे दोन मेगापिक्सेलऐवजी ८ घेतले की प्रश्न मिटला?

भिंग

दिवसा मिटला. रात्री तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर चौपट पिक्सेल म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला उजेड पाव. ४ मेगापिक्सेलवर थांबा, सेन्सर मोठा बघा. डेटा आणि कार्डाची जागाही वाचते.

सड्यावरचा

एक शंका. कॅमेरा चोरासाठी लावायचा की भावकीसाठी?

उंटावरचा_शहाणा

फरक काय?

स्टँपपेपर

हसताय, पण वाद तिथूनच सुरू होतात. सामायिक अंगण असेल तर कॅमेऱ्याच्या चौकटीत चुलतभावाची पडवी, न्हाणी किंवा विहिरीवरचं धुणं येता कामा नये. स्त्रीचं खासगी क्षणांतलं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि "चोरासाठी लावला होता" एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक बऱ्या कॅमेऱ्यात प्रायव्हसी मास्क असतो, तेवढा भाग काळा करून टाका आणि शेजाऱ्याला स्क्रीनवर दाखवा. फाटकावर "सीसीटीव्ही चालू आहे" अशी पाटी लावा. पाटीचा चोरावर कॅमेऱ्याहून जास्त परिणाम होतो असं म्हणायला वाव आहे.

चौथी_दांडी

नेटवर्कचं मी घेतो.

१. दांड्यांवर जाऊ नका. राउटरच्या पानावर आरएसआरपी हा सिग्नलच्या ताकदीचा आकडा असतो. उणे ८५-९० उत्तम, उणे १०५ ला रडतरखडत, उणे ११५ ला तुटतं. ओटी, गोठा, विहीर आणि माळ्याचं टोक अशा चार ठिकाणी दोन्ही सिमांचे आकडे घेऊन मगच जागा ठरवा.

२. सिग्नल बाहेर आणि वर असतो. घरात राउटर ठेवून छपरावर अँटेना नेली तर मधली केबलच सिग्नल खाते. त्यापेक्षा बाहेर लावायचा ४जी राउटर खांबावर चढवा आणि खाली कॅट-६ (नेटवर्कची केबल) आणा. राउटर बँड ५, म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ, घेतो का ते खोक्यावर बघा. तो डोंगराआड जास्त पोहोचतो.

३. डेटा. ५१२ केबीपीएसची हलकी स्ट्रीम चोवीस तास पाठवली तर दिवसाला ५.५ जीबी. दोन एमबीपीएसची मुख्य स्ट्रीम २१.६ जीबी. दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये दोन्ही बसत नाहीत. म्हणून रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या कार्डावर आणि बाहेर जाईल ती फक्त माणूस दिसल्यावरची दहा-वीस सेकंदांची क्लिप. दोन एमबीपीएसने १२८ जीबीचं कार्ड सहा दिवसांत भरून परत पहिल्यापासून लिहायला लागतं. २५६ जीबी घ्या, एच.२६५ (व्हिडिओ कमी जागेत साठवायची पद्धत) चालू करा, पंधरा दिवसांच्या पुढे जाईल. कार्ड "हाय एन्ड्युरन्स" लिहिलेलंच घ्या. मोबाइलचं साधं कार्ड सतत लिहिण्याने मरतं आणि मेल्याचं सांगतही नाही.

४. जिओच्या सिमला बाहेरून थेट पोहोचता येईल असा स्वतंत्र आयपीव्ही४ पत्ता मिळत नाही, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंगची (बाहेरून थेट कॅमेऱ्याशी जोडायची) जुनी युक्ती विसरा. कंपनीचं अ‍ॅप त्याच्या सर्व्हरमार्फत जोडतं, ते चालतं. तसं नको असेल तर राउटरवर वायरगार्ड (आपलं खासगी व्हीपीएन). कुठलाही मार्ग घ्या, मूळ पासवर्ड बदला. नवा कॅमेरा घेताना एसटीक्यूसी (सरकारी सुरक्षा चाचणीचं) प्रमाणपत्र आहे का विचारा, एप्रिल २०२५ पासून ते सक्तीचं झालं आहे. जुना माल स्वस्तात खपवणारे भेटतील.

५. वीज गेली की काही तासांनी टॉवरची बॅटरीही बसते. तेव्हा घरात बॅटरी असली तरी नेटवर्क नाही. कार्डावरचं रेकॉर्डिंग अशा वेळी एकटंच कामाला येतं.

आतेभाऊ

आणि कॅमेराच उपटून नेला तर कार्डही गेलं की.

चौथी_दांडी

बरोबर विचारलंत. क्लिप तोवर बाहेर गेलेली असते, नेटवर्क असेल तर. नसेल तर दुसरी प्रत हवी. कॅमेरे एकमेकांना बघतील असे लावा, म्हणजे पहिला उपटणारा दुसऱ्यात येतो. शिवाय राउटरलाच पेनड्राइव्ह लावून त्यावर प्रत टाकता येते, आणि राउटर असतो खांबाच्या टोकावर किंवा माळ्यावरच्या डब्यात.

डीव्हीआरच्या विरोधात मुद्दा हाच आहे. चोर आता टीव्हीखालचा डीव्हीआर आधी उचलतात. लावायचाच असेल तर खरा माळ्यावर हवा खेळती असलेल्या डब्यात, आणि खाली एखादा मेलेला डीव्हीआर दिवे लुकलुकत ठेवा.

सड्यावरचा

सगळं वाचून वाटतं, गडग्यावरून एक तार फिरवावी आणि रात्री करंट सोडावा. दोनशे रुपयांत विषय संपला.

वायरमन

विषय नाही, माणूस संपेल. घरची वीज कुंपणात सोडणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात रानडुकरांसाठी सोडलेल्या अशा तारांनी दरवर्षी माणसं मरतात, गुरं मरतात, आणि तार लावणारा मनुष्यवधाच्या गुन्ह्यात आत जातो. शेतीसाठी मिळणारं झटका मशीन वेगळं, त्यात सेकंदाला एकदा क्षणभराचा झटका असतो. तेही पायवाटेला लागून नको.

सड्यावरचा

बरं बाबा, तार मागे घेतली.

वायरमन

करंटवरून आठवलं, विजा. कोकणात वळवाच्या आणि परतीच्या पावसात कॅमेऱ्यांचे मुडदे पडतात. वीज घरावरच पडायला लागत नाही, शेपाचशे मीटरवर पडली तरी लांब तांब्याच्या वायरीत दाब चढतो. फाटकापासून घरापर्यंत ६० मीटर कॅट-६ म्हणजे आमंत्रणच. तेवढा टप्पा फायबरने करा. दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि कॅट-६ जोडणारे डबे) आणि एफटीटीएचची (घरगुती फायबरची) बारीक केबल, फार खर्च नाही. त्या केबलीत आधाराची पोलादी तार असते, ती घरात शिरायच्या मीटरभर आधीच कापा, नाहीतर फायबर लावूनही दाब त्या तारेतून आत येईल. फाटकाच्या कॅमेऱ्याला वीज तिथल्याच छोट्या पॅनल-बॅटरीतून.

वितरण पेटीत टाइप २ एसपीडी (चढलेला दाब जमिनीत सोडणारं उपकरण). अर्थिंगशिवाय एसपीडी म्हणजे शोभेची वस्तू, आणि सड्यावर एप्रिलमध्ये जमीन इतकी कोरडी असते की साधा पाइप ठोकून भागत नाही. केमिकल अर्थिंग (ओल धरणारं मिश्रण भरून केलेलं) करा, किंवा विहिरीकडच्या ओलसर मातीत खड्डा घ्या.

पागोळी

वायरींवरून दोन तक्रारी हमखास येतात, त्यांची कारणं लिहून ठेवतो.

"दिवसा उत्तम चालतो, रात्री दर मिनिटाला बंद-चालू होतो." वायर बारीक. ०.५ चौरस मिमी वायर, ३० मीटर अंतर, आयआर लागल्यावर अर्धा अँपिअर. जाऊन-येऊन ६० मीटर, त्यात १.१ व्होल्ट गळतात. आयआर पेटतो, व्होल्टेज कोसळतं, कॅमेरा रीस्टार्ट होतो, पुन्हा आयआर पेटतो. १.५ चौरस मिमी टाका. "कॅट-६" म्हणून विकली जाणारी ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर घेऊ नका. सुरीने खरवडलं की आत पांढरी दिसते.

"चार्जिंगच्या वेळी कॅमेरा बंद पडतो." लिथियम बॅटरी भरताना १४.६ व्होल्टपर्यंत जाते. कॅमेऱ्याच्या पट्टीवर १२ व्होल्ट ± किती टक्के लिहिलंय ते बघा. २५ असेल तर ठीक. १० असेल तर मधे १२ व्होल्ट स्थिर देणारा कन्व्हर्टर लावा, दोनेकशे रुपयांना मिळतो.

उंदीर वायर कुरतडतातच. जमिनीलगत जीआय पाइप, वर पीव्हीसी.

तिरफळ

माझ्या माकडांचं कोणी मनावर घेतलं नाही. गंमत नव्हती ती. वानर ब्रॅकेटला लोंबकळतात, कॅमेऱ्याचं तोंड आभाळाकडे होतं आणि चार महिने ढगांचं रेकॉर्डिंग. ब्रॅकेटचा चेंडूसांधा घट्ट करून त्यात आडवा स्क्रू मारा, आणि कॅमेरा फांदी, कौल किंवा कठड्यापासून लांब भिंतीच्या मोकळ्या भागावर घ्या. "सीन चेंज" किंवा "टॅम्पर" नावाचा अलार्म असतो, तो चालू ठेवला की तोंड फिरल्याचं कळतं.

मग किडे. आयआरकडे चिलटं, चिलटांमागे कोळी. कोळ्याचं जाळं लेन्सपुढे आलं की वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीला सूचना. कॅमेऱ्यातला आयआर बंद करून दीड-दोन मीटर लांब वेगळा आयआर दिवा लावला की किडे तिकडे जातात आणि चित्रही खोलवर उजळतं. जंक्शन बॉक्समध्ये पाली आणि हुंबले शिरतात, कुंभारमाशी मातीचं घर बांधते. वायर शिरायचं प्रत्येक भोक ग्लँडने (वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाने) बंद करा. कापूस कोंबून काही होत नाही.

स्टँपपेपर

तो लाल ठिपका चोराला दिसतो का?

तिरफळ

८५० नॅनोमीटरचा दिसतो, मंद लाल. ९४० चा दिसत नाही, पण पोच साधारण निम्मी. फाटकाचा लपवायचा असेल तर ९४०, अंगणातला दिसला तर उलट बरंच.

गडग्यापलीकडे

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा फारच जास्त मिळालं. एक प्रश्न राहिला. रात्री दोनला मुंबईत फोन वाजला, अंगणात माणूस दिसतोय. पुढे?

अडसर

हा प्रश्न पहिला विचारायचा असतो. उत्तर नसेल तर कॅमेरा म्हणजे घर फुटताना थेट प्रक्षेपण.

आधी सायरन. १२ व्होल्ट, २०-३० वॉटचा, वळचणीत उंच, बॅटरीवर. कॅमेऱ्याच्या अलार्म आउटपुटवरून रिले लावून किंवा अ‍ॅपमधून वाजवता येईल असा. आपोआप वाजायला लावू नका, गुरं आली तरी वाजेल आणि चौथ्या रात्री वाडीतलं कोणी उठणार नाही. तुम्ही क्लिप बघायची, खात्री झाली की बटण दाबायचं. मोकळ्यावर पाऊण किलोमीटरपर्यंत आवाज जाईल, वारा आणि पाऊस असेल तर धरून चालू नका.

मग फोन वाडीतल्या दोन-तीन घरांत, एकट्या काकांना नाही. त्यांनी एकट्याने जायचं नाही, चार जणांनी बॅटऱ्या घेऊन आवाज करत जायचं, धरायला नाही, हुसकवायला. मग पोलीस पाटील आणि ११२. महाराष्ट्रातून लावलेला ११२ राज्याच्या नियंत्रण कक्षात जातो आणि तिथून जिल्ह्याकडे. मात्र लोकेशन तुमच्या फोनचं दिसणार, म्हणून आधीच ठणकावून सांगा: तालुका, गाव, वाडी, जवळची खूण. बंगळुरूहून लावलात तर कर्नाटकाचा कक्ष लागेल, परदेशातून तर इकडे लागणारच नाही. म्हणून ठाण्याचा लँडलाइन नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हवा. घर बंद करताना ठाण्यात एक साधा अर्ज देऊन पोच घ्या.

स्टँपपेपर

आणि चोरी झालीच तर फुटेज व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवून मोकळे होऊ नका. तिथे व्हिडिओ दाबून लहान होतो, मूळ माहिती जाते. कॅमेऱ्यातलं कार्ड काढा, मूळ फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, कार्ड पाकिटात सीलबंद. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) खाली प्रमाणपत्र लागतं, पूर्वीचं ६५ब. नमुन्याचे दोन भाग: अ भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, ब भाग तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य (तिचा डिजिटल ठसा). एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश काढून देणारी साधनं फुकट मिळतात. प्रत घेतली त्याच दिवशी काढून ठेवा.

आणि घड्याळ! वीज जाऊन कॅमेरा १ जानेवारीवर गेलेला असला की समोरचा वकील तिथेच धरतो. एनटीपी (नेटवरून वेळ जुळवणं) चालू करा, वेळक्षेत्र +५:३० तपासा.

गडग्यापलीकडे

ठरलं ते असं. मागच्या दाराला आरपार बोल्ट, माळ्याला झडप. ४ मेगापिक्सेलचे दोन टरेट: ६ मिमी फाटकाकडच्या वाटेवर, २.८ अंगण आणि मागच्या पडवीच्या कोपऱ्यावर, ब्रॅकेट पागोळीबाहेर. विहिरीवर एक सोलर ४जी. ८० एएच लिथियम, चार्जर, वेगळा आरसीबीओ, एसपीडी, अर्थिंग. खांबावर राउटर. सायरन. पॅनल पुढच्या वर्षी.

वायरमन

ठीक. २.८ चा एकच कॅमेरा अंगण आणि मागची पडवी दोन्ही घेणार नाही, घराचा कोपरा मधे येतो. विहिरीवरचा सोलर सध्या रद्द करून त्या पैशात मागच्या दाराला तिसरा वायरवाला घ्या. पंप मे अखेर काढून घरात आणून ठेवला तर विहिरीवर बघायला काही उरत नाही. हिशोबात ४ वॉट वाढले म्हणून बॅटरी १०० एएच. खरेदी आत्ता करा पण बसवा मे महिन्यात, म्हणजे तुम्ही तिथे असतानाच पहिले वळीव होतील आणि काय गळतं, काय लटकतं ते डोळ्यांदेखत कळेल.

चौथी_दांडी

दोन किरकोळ. सिमचा रिचार्ज वर्षाचा मारा, महिन्याचा मारलात तर नेमका श्रावणात संपेल. आणि राउटर कधी ना कधी लटकतोच, तिथे जाऊन बंद-चालू करणारं कोणी नाही. १२ व्होल्टवर चालणारा डिजिटल टायमर राउटरच्या वायरीत घाला, दिवसातून एकदा दोन मिनिटं बंद. अ‍ॅपमध्ये "कॅमेरा ऑफलाइन" ही सूचना चालू ठेवा. दहा मिनिटांत परत आला नाही तर काकांना फोन.

गडग्यापलीकडे

टायमर रात्री तीनला लावू? तेव्हा कोणी बघत नसतं.

अडसर

म्हणूनच रात्री नको. दुपारी दोनला लावा.